निवृत्तीची माती

निवृत्ती गेला त्या सकाळी त्याच्या दारात कोणी सरपण आणून टाकलं नाही.

गावात माणूस गेलं की बोलवावं लागत नाही. एका घरून गोवऱ्या येतात, दुसऱ्या घरून बांबू येतो, कोणी मडकं आणायला धावतं, बाया येऊन घरच्या बाईला धरून बसतात. निवृत्तीच्या दारात फक्त ऊन आलं. वैशाखाचं ऊन, सकाळीच पायरी तापवणारं. समोरच्या ओट्यावर चार-पाच माणसं बसली होती. ती या घराकडे पाहत होती आणि पाहत नसल्यासारखं करत होती.

गोजरबाईनं नवऱ्याच्या अंगावर ओलं धोतर पसरलं. ते सुकत आलं की सून राखी त्यावर पुन्हा तांब्याभर पाणी शिंपडत होती. मुलगा गणेश भिंतीला टेकून बसला होता. चिखलीच्या अडतीत पोती वाहून त्याचे खांदे रुंद झाले होते, पण आज ते पडले होते.

गोविंदा आला तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. निवृत्तीचा हा धाकटा भाऊ चार वर्षं या घरात शिरला नव्हता. बाहेरूनच त्यानं आत पाहिलं. भावाचा चेहरा दिसला तसा त्याचा खालचा ओठ हलला. मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"वयनी, कवा गेला?"

"पहाटी. छातीत कळ आली. पानी मांगतलं, दोन घोट घेतलं, अन् गेला."

गोविंदानं उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं. "मी गावाशी बोलून आलो. लाकडं माह्या खळ्यातून निंघतीन. सारं गाव येईन मातीले. एकच गोष्ट हाय. तू चौकात ये अन् चार मानसांत सांग, का दादानं जाता जाता आपल्या देवाचं नाव घेतलं. बस. दहावा, तेरवी, सारं मी करतो."

"त्यानं नाई घेतलं, गोविंदा."

"मले मालूम हाय नाई घेतलं. तू सांग, असं म्हंतो मी."

"खोटं?"

"मेलेल्या मानसासाठी खोटं बोललं तं पाप नाई लागत."

गोजरबाईनं धोतराची सुरकुती सरळ केली. "त्याचं डोकं माह्या मांडीवर होतं. त्यानं येशूचं नाव घेतलं. मले आयकू आलं. आता चौकात जाऊन मी दुसरं कसं सांगू?"

"मंग मसनवटीत जागा नाई. हे माहं नाई, गावाचं ठरलं."

"आपल्या वावरात ठेवतो. माह्या हिश्श्यात, नाल्याच्या काठाले."

"वावराची वाट माह्या हिश्श्यातून जाते, वयनी. तेवढं ध्यानात ठेव." गोविंदा वळला आणि ओट्यावरच्या माणसांत जाऊन बसला.

तो गेल्यावर गणेश उठला.

"आई, एक शब्द हाय. हवेत बोलून सोडून देशीन. आबा काय आयकाले येऊन राह्यले?"

"आबा नाई. मी तं आयकीन ना."

"तुले मालूम हाय का, बाहेर काय हाय ते? खांदा द्याले मानूस नाई. ऊन चढून राह्यलं. दुपारपर्यंत..." त्यानं मृताच्या पायांकडं पाहिलं आणि मान फिरवली. "चार वर्सं मी मान खाली घालून गावातून गेलो. दोन सोयरिकी मोडल्या, तवा राखीच्या बापानं लेक देली. आता आज तरी संपू दे."

"हेच बोल त्याले गावातल्यांनी फाट्यावर गाठून मारलं तवा त्याच्याकून मांगून राह्यले होते," गोजरबाई म्हणाली. "दोन दात गेले, तरी त्यानं ते देले नाई. ते मी आता देऊ? त्याले बोलता येत नाई म्हून?"

गणेशनं दारावर मूठ आपटली आणि बाहेरच्या उन्हात जाऊन उभा राहिला.

निवृत्ती विहिरी खोदायचा. तो आणि फकीर मोहम्मद, दोघांची जोडी. फकीर मोहम्मद खडकाला छिद्र पाडण्यात तयार, निवृत्ती माती ओळखण्यात. काळी कुठं संपते, चुनखडी किती लागेल, मुरूम कुठं सुटेल, हे तो लोखंडी सब्बल टाकूनच सांगायचा. चिखली ते लोणार पट्ट्यात त्यांच्या हातच्या किती विहिरी होत्या कोण जाणे.

लोणारकडच्या एका विहिरीत काठ ढासळला. सोबतचा गडी मातीखाली गेला तो मेलेलाच निघाला. निवृत्ती गळ्यापर्यंत गाडला गेला. दुपारपासून दिवस बुडेपर्यंत तो तसाच होता, एका हाताचा पंजा वर, आणि मेलेल्या गड्याचा खांदा त्याच्या पोटाला लागलेला. काढला तेव्हा पाय मोडला होता. पाय कसाबसा जुळला, पण जखम सडत राहिली. आणि तो झोपेनासा झाला. डोळा लागला की ओरडत उठायचा, माती तोंडात गेल्यासारखा थुंकायचा, बाहेर पळायचा. गोविंदा त्याचे दोन्ही हात धरून बसायचा. दारू पाजून पाहिली, अंगारे लावून पाहिले, नवस बोलून पाहिले. घरात त्या पायाची दुर्गंधी इतकी की गोजरबाईही तोंडाला पदर लावून भाकरी द्यायची.

शेवटी त्याला बुलढाण्याला दवाखान्यात टाकलं. शेजारच्या खाटेवर एका म्हाताऱ्याचा मुलगा होता. म्हातारा जालन्याकडचा, विटा पाडणारा. मुलाचं करून झालं की तो निवृत्तीकडं यायचा. त्याची भांडी उचलायचा. जखमेतला पू पुसायचा, नाकाला कापड न लावता. निवृत्तीनं विचारलं, "बुढेबा, तुमी काऊन करता हे? मी तुमचा कोन?"

"मी असाच घान होऊन पडलो होतो," म्हातारा म्हणाला. "तवा माह्या येशूनं मले हात लावला. त्याचं पाहून करतो."

मग रोज तो येशूची गोष्ट सांगायचा. लोकांनी त्याला कसं मारलं, मारणाऱ्यांसाठीच त्यानं माफी कशी मागितली, त्याला कबरीत ठेवून तोंडावर धोंडा कसा लोटला, आणि तिसऱ्या दिवशी तो कसा उठून आला. निवृत्ती पुढं गोजरबाईला म्हणाला होता, "बाकीचं मले समजलं नाई. पन म्हनलं, जो सोता मातीखाली जाऊन आला त्याले माहं भेव समजत असन. म्हून मी त्याले हाक मारली."

त्या रात्री तो झोपला. सकाळी बाजूच्या खाटांवरच्यांचा चहा झाला तरी झोपला होता. गोजरबाई त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती, श्वास चालू आहे की नाही ते पाहत.

गावानं आधी हसून घेतलं. मग निवृत्ती दर रविवारी चिखलीला प्रार्थनेला जाऊ लागला, त्यानं दारू सोडली, आणि देवीच्या जत्रेत बोकडाचा मान त्याच्या घराकडं होता तो त्यानं हात जोडून परत केला, तेव्हा हसणं थांबलं. त्याच्या हातच्या विहिरीला पाणी लागणार नाही, असं कोणी तरी बोललं आणि ते पसरलं. गिरणीत त्यांचा डबा सगळ्यांच्या शेवटी. न्हावी वस्तरा पुसून म्हणायचा, उद्या ये. फाट्यावर मार खाल्ला त्या दिवशी तो हापशीवर तोंड धुऊन घरी आला आणि जेवायला बसला. भाकर चावता येईना, तशी दुधात कुस्करून खाल्ली. मारणाऱ्यांतल्या एकाच्या वावरात पुढं मोटार विहिरीत पडली तेव्हा हाच उतरला. गोजरबाई त्या दिवशी त्याच्यावर चिडली होती. पहिलं एक वर्ष ती चिडूनच होती. पण हा माणूस रात्री झोपत होता आणि सकाळी उठल्यावर तिच्याशी गोड बोलत होता. पंचवीस वर्षांच्या संसारात हे तिनं पाहिलं नव्हतं. एका रविवारी तिनं लुगडं बदललं आणि त्याच्या मागं चिखलीच्या बससाठी फाट्यावर जाऊन उभी राहिली.

फकीर मोहम्मद आला तो खांद्यावर सब्बल आणि हातात टिकाव घेऊनच. मागं त्याचा मुलगा जाकीर फावडं, घमेलं घेऊन. ओट्यावरच्या माणसांसमोरून तो सरळ चालत आला, चपला काढल्या, आत जाऊन निवृत्तीच्या कपाळाला हात लावला. मग बाहेर आला.

"भाभी, जागा दाखवा."

"गनेश दाखवन," गोजरबाई म्हणाली.

गणेशनं जाकीरच्या हातातलं घमेलं घेतलं आणि चालू लागला.

तेव्हा वाट मोकळी होती. नाल्याच्या काठाला, बाभळीच्या पलीकडं फकीर मोहम्मदनं सब्बलीनं रेघ ओढली. जमीन उन्हानं फाटलेली, भेगेत हाताचा पंजा जाईल एवढी. पहिली सब्बल टणकन वाजली आणि उसळून परत आली. काळी ढेकळं निघत होती, एकेक पोत्याएवढी जड. गणेश टिकाव असा चालवत होता की जणू जमिनीनंच त्याचं काही वाईट केलं आहे. घाम डोळ्यांत जात होता. हाताला फोड आला, फुटला, टिकावाचा दांडा ओला झाला.

कमरेएवढं खणल्यावर फकीर मोहम्मद म्हणाला, "दम घे."

गणेश खड्ड्याच्या काठावर बसला. "चाचा, तुमाले गाव काई बोलनार नाई?"

"बोलन."

"मंग?"

"मंग काय. तुह्या बापाचा दीन-धरम येगळा, माहा येगळा. इहिरीत रोज झगडा व्हाचा आमचा यावरून. पन दोर त्याच्या हाती असला का मी डोळे झाकून उतरत होतो." फकीर मोहम्मदनं मटक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन मानेवर टाकलं. "दवाखान्यातून आल्यावर तो पयल्यांदा इहिरीत उतरला, तो दिवस तुले मालूम नाई. मी म्हनलं, निवृत्ती, तू काठावर बस. तो म्हने, नाई. दोर धरला, सोडला, पुन्हा धरला. डोळे झाकले, त्याच्या येशूले काई तरी बोलला, अन् गेला खाली. मी वरून वाकून पाह्यतो तं अंधारातून गान्याचा आवाज. रडत बी होता अन् गात बी होता."

"कोनतं गानं?"

"त्यानंच जुळवलेलं. खाली उतरलो तं तू होता खाली, हात धरून मले आनलं वरी. मले पाठ झालं आयकून आयकून. मुसलमान मानूस मी, पन पाठ झालं." तो उठला. "चाल. मुरूम लागला. आता सोपं जाईन."

गणेश खाली उतरला. या वेळी टिकाव त्यानं बापासारखा धरला, दोन्ही हात एकमेकांपासून लांब, आणि माती मोकळी होऊ लागली.

खड्डा झाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिघे परत येताना पाहतात तर गोविंदानं बैलगाडी वाटेत आडवी लावली होती. बैल सोडलेले, जू जमिनीला टेकलेलं, दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण. गोविंदा गाडीच्या सावलीत बसला होता. गणेशनं त्याच्याकडं पाहिलं, गोविंदानं गाडीच्या चाकाकडं.

"काका, तुमचाच भाऊ हाय तो."

"म्हूनच सकाळी आलो होतो मी," गोविंदा म्हणाला.

घरी येऊन गणेशनं आईला सांगितलं. राखीनं चिखलीला फोन लावला होता. पास्टर आणि काही माणसं जीपमधून निघाली होती, पण फाट्यावर पोरांनी जीप अडवली. पुढचं कळत नव्हतं, फोन लागत नव्हता.

"नाल्यातून नेऊ," गोजरबाई म्हणाली.

"दुप्पट लांब हाय ते. नुसते गोटे हायेत."

"त्याले काय, त्याले चालाचं नाई." ती हे बोलली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग उठली. घरातल्या शिडीवर गोधडी अंथरली, दोरीनं बांधली.

पुढं गणेश आणि फकीर मोहम्मद, मागं जाकीर. चौथा खांदा नव्हता. राखीनं पदर कमरेला खोचला आणि शिडीच्या रिकाम्या कोपऱ्याखाली गेली.

"तू नको," गणेश म्हणाला.

"मंग कोन?" राखी म्हणाली. "उचला."

गोजरबाई पुढं चालली, हातात फावडं. ओट्यावरून कोणी तरी हसल्यासारखं केलं, पण दुसऱ्या कोणी साथ दिली नाही. बाईनं खांदा दिलेला या गावानं पाहिला नव्हता.

नाला कोरडा होता. गोटे तापलेले, चपलेतून भाजत होते. राखीची उंची कमी, म्हणून शिडी तिच्याकडं कलायची आणि सारा भार तिच्या मानेवर यायचा. तिनं साडीच्या पदराची चुंबळ करून खांद्यावर ठेवली. तरी कातडं सोललं. दोनदा ती गुडघ्यावर आली. दोनदा गणेशनं थांबून विचारलं, आणि दोनदा ती "चाला" एवढंच म्हणाली. फकीर मोहम्मदच्या नाकावरून घामाचे थेंब पडत होते. बोलायला कोणाकडं श्वास नव्हता.

वळणावर गोजरबाई थांबली. समोरून, नाल्यातूनच, माणसं येत होती. पुढं पास्टर, सदऱ्याची बाही खांद्यापासून फाटलेली, एक कान लाल. त्यांच्या मागं चिखलीच्या बाजारात भाजी विकणारी सिंधूताई, अनवाणी, चपला फाट्यावरच्या झटापटीत गेलेल्या. आणखी काही बाया-माणसं, घामानं भिजलेली. जीप परत गेली होती, आणि ही माणसं शेतं तुडवत, नाल्याचा माग काढत आली होती.

सिंधूताई सरळ राखीच्या बाजूला आली, तिच्या खांद्यावरून शिडी स्वतःच्या खांद्यावर घेतली. पास्टरनी फकीर मोहम्मदला सोडवलं. फकीर मोहम्मद बाजूला झाला, हात गुडघ्यावर ठेवून श्वास घेतला आणि म्हणाला, "निवृत्तीचं ते गानं येते का तुमाले कोनाले?"

"येते ना," सिंधूताई म्हणाली. आणि तिनं सुरू केलं.

खाली उतरलो तं तू होता खाली,
हात धरून मले आनलं वरी.

नाल्याच्या दोन्ही दरडींना आवाज लागून परत येत होता. बाजारात ओरडून कमावलेला सिंधूताईचा गळा. बाकीच्यांनी मागून उचललं. गोजरबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती गात होती, फावडं खांद्यावर टाकून, लग्नाच्या वरातीपुढं चालावं तशी ताठ. शिडी आता कलत नव्हती.

वावरात पोचले तेव्हा वावराच्या कडेला, बांधाच्या धुऱ्यावर, गोविंदा उभा होता. गाण्याचा आवाज ऐकून तो गाडीजवळून उठून आला असावा. त्याच्या मागं गावातले काही जणही होते. कोणी पुढं आलं नाही, कोणी परतही गेलं नाही.

निवृत्तीला दोरांनी खाली सोडलं. फकीर मोहम्मद स्वतः खाली उतरला, डोक्याखालचा मुरूम हातानं सारखा केला आणि वर आला. पास्टरांनी प्रार्थना केली, थोडीच. मग सगळ्यांनी माती टाकली.

गोविंदा धुरा उतरून आला. खड्ड्यापासून दोन हात लांब थांबला.

"वयनी, मले एक सांग," तो म्हणाला. आवाजात सकाळचा जोर नव्हता. "काय भेटलं याच्यात तुमाले? दादाचं काम गेलं. दात गेले. गाव सुटलं. आखरीले घरच्या सुनेले खांदा द्या लागला. काय भेटलं?"

सगळे गोजरबाईकडं पाहू लागले. तिनं हातातली माती लुगड्याला पुसली.

"तुले आठवते का गोविंदा, इहीर ढासळल्यावर तू त्याचे दोन्ही हात धरून बसत होता? तो कसा वरडत होता? तू म्हनत होता, वयनी, असं जगन्यापरीस हा त्याच दिशी गेला असता तं बरं झालं असतं."

गोविंदानं मान हलवली.

"आज पहाटी मरन आलं त्याच्यापाशी. खरं मरन. कोनी त्याचे हात धरा लागले नाई. उलटा त्यानं माहा हात धरला. म्हने, भिऊ नको, गोजर, मी येशूच्या घरी चाललो. हासला माह्याकडं पाहून." तिनं खड्ड्याकडं पाहिलं. "तुमी लोकांनी नेलं ते दात नेले, काम नेलं. हे कोनाले नेता आलं नाई. याच्यासाठी आनखी चार वर्सं मार खाल्ला असता तरी सस्तंच पडलं असतं. मी खाईन. आता माही पाळी हाय."

वारा नव्हता. बाभळीवर होला घुमत होता. गोविंदानं पायातल्या वहाणा काढल्या. वाकून दोन्ही हातांत माती घेतली आणि खड्ड्यात सोडली, पुन्हा घेतली, पुन्हा सोडली. मग तो तिथंच खाली बसला आणि मोठ्यानं रडू लागला, लहानपणी भाऊ टाकून गेल्यावर पोरगा रडतो तसा. फकीर मोहम्मद त्याच्या शेजारी जाऊन बसला.

बऱ्याच वेळानं गोविंदा उठला. "घरी जातांनी नाल्यानं नका जाऊ," तो म्हणाला. "मी गाडी काढतो."

त्यानं गाडी स्वतःच ओढून बाजूला केली, बैलांविना. गणेशनं मागून चाकाला हात लावला.

माणसं वाटेनं गावात आली. दुपार कलली होती. सिंधूताईच्या पायांना राखीच्या चपला होत्या, राखी अनवाणी चालत होती आणि तिच्या खांद्यावर पदराला रक्त लागून सुकलं होतं. ओट्यावर अजूनही काही जण बसलेले होते. हे काही संपलेलं नव्हतं. उद्या गिरणीत डबा पुन्हा शेवटीच लागणार होता, आणि फाट्यावरची पोरं कुठं गेली नव्हती. हे गोजरबाईला माहीत होतं, गणेशलाही.

ओट्यावरून एकानं हाक मारली, "गन्या, कुठी टाकलं बे बापाले?"

गणेश थांबला. चार वर्षं ज्या जागेवरून तो मान खाली घालून गेला होता, तिथंच थांबला. मातीनं भरलेले, फोड फुटलेले हात त्यानं कमरेवर ठेवले आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं.

"टाकलं नाई, ठेवलं," तो म्हणाला. "उठनार हाय तो."

आपण काय बोललो ते त्यालाही बोलल्यावरच ऐकू आलं. गणेशनं आईचा हात धरला आणि मागं थांबलेलं गाणं त्यानंच पुढं उचललं, बेसूर, पण साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.